कोणी लावलं, कोणी वेचलं

माझी बायको पुसदकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. संस्थेचे अध्यक्ष दर जूनला 'यंदा कायम करतो' म्हणत आणि आम्ही दर जूनला विश्वास ठेवत असू. भोळेपणात आमचा हात कोणी धरला नसता.

तिनं आणि तिच्या विद्यार्थिनींनी दोन हंगाम पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतांत, फिरून बोंडअळीचे फोटो काढले होते. अध्यक्षांनी ते सगळे न विचारता आपल्या पुण्याच्या दोस्ताला देऊन टाकले. त्यानं मोबाइलवर अळी ओळखणारं अ‍ॅप काढलं आणि बघता बघता मोठा माणूस झाला. मग त्याचा सत्कार आमच्याच कॉलेजात, समोर गावोगावचे शेतकरी, आणि पाहुण्यांचा परिचय करून द्यायला माझीच बायको! माझं तर डोकंच फिरलं.

परिचय अध्यक्षांनीच लिहून दिला होता. ती नीट वाचत गेली. 'साहेबांनी हा शोध लावला' इथं थांबली. कागद खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "लावला आमच्या पोरीयनं. साहेबांनी वेचला."

कापूस लावणं काय आणि वेचणं काय, हे त्या मांडवात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आधी मागून हशा आला, मग टाळ्या. पाहुण्यांना यातलं ओ की ठो कळलं नाही. टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून ते हात जोडत राहिले.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, पाहुण्यायले कोणीतरी अर्थ समजावून देला. चुकून बोलली असं त्यायले सांगून द्या. तुमची कायमची ऑर्डर तयार हाय."

मी समोरून हात जोडले. सांगून टाक, बाई!

"चुकून नाही बोलली, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळली. "अन् तुमी कायले हात जोडून राह्यले? देव हाय का थो?"

मला हसू आलं आणि भरूनही आलं. एवढी हिंमत रोज माझ्या शेजारी बसून जेवते, हे मला ठाऊकच नव्हतं.

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. होते ते तासही गेले. कपाशीला बोंडं धरली तशा त्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, यंदा शेतात कवा जायचं?"

ती बूट घालायला लागली. मी तिचा डबा भरायला घेतला.