धरलाबाई

बालवाडीत तिला सगळे धरलाबाई म्हणत. पोरं तोंडावर, पालक पाठीमागे. मोजायला शिकवायचा तिचा खाक्याच तसा होता. चित्रांचं पुस्तक मांडीवर उघडायचं, पोराचं बोट एकेका बदकावर टेकवायचं आणि विचारायचं, "धरला?" पोरगं ओरडायचं, "धरला!" मगच आकडा. बोट टेकलं नाही तर ते बदक मोजणीत नाही, मग ते पानभर पसरलेलं का असेना. नुसते आकडे घडाघडा म्हणणाऱ्या पोरांचं कौतुक सांगत येणारे आईबाप तिच्या डोक्यात जायचे. "पोपटालाही येतं ते," असं ती सरळ सुनवायची.

पुस्तकं तीच बनवायची. जुन्या पुठ्ठ्यांवर चित्रं रंगवायची आणि कडांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे पोरांनी चावली तरी टिकावीत. प्रत्येक पानावर एक काहीतरी लपलेलं असायचंच. चार मांजरं समोर, पाचव्याची नुसती शेपटी पलंगाखालून. त्या शेपटीवरून वर्गात जी जुंपायची, ती बघून बाईला कोण आनंद!

भावाच्या घरी ती आली भाचीच्या जन्माच्या वेळी. वहिनीला अंथरुणातून उठवत नव्हतं. "दोन महिने ये, ताई," भाऊ म्हणाला. दोन महिन्यांनी ती निघाली, तेव्हा "आता कशाला परत त्या खोलीत? आम्हाला तू हवीस," हेही तोच म्हणाला. तिने भाड्याची खोली सोडली. सकाळी बालवाडी, दुपारी भाची, संध्याकाळी स्वयंपाक. वहिनी निर्धास्त नोकरीला जायची. सगळं कसं सुरळीत. हक्काचं, फुकटचं माणूस घरात असलं की सुरळीतच चालतं.

आता भाची पहिलीत जाणार होती आणि भावाने नवं घर घेतलं होतं. जेवताना त्याच गप्पा. पडदे कुठले घ्यायचे, भाचीच्या दादाचं टेबल कुठे मांडायचं. ताईची खाट कुठे, हा विषय कुणी काढला नाही. तिनेही विचारलं नाही. घरच्या माणसाने काय विचारायचं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. पण आतून तिची गाळण उडाली होती. मागे फिरायला तिच्याकडे खोली उरली नव्हती.

तोंडाने विचारवेना, म्हणून तिने पुस्तक केलं. भाचीला मोठ्या शाळेची भेट. शेवटच्या पानावर नवं घर. दारात आई, बाबा, दादा आणि भाची. स्वयंपाकघराच्या खिडकीत अर्धा चेहरा आणि पातेलं पुसणारा हात. खाली ठसठशीत पाचाचा आकडा.

रविवारी सामान बांधायचं चाललं होतं. वहिनी कपबश्या कागदात गुंडाळत होती, भाऊ खोक्यांना दोरी बांधत होता. भाची आत्याच्या मांडीवर बसली आणि पानं उलटत शेवटच्या पानावर आली.

"धरला?"

"धरला! आई. बाबा. दादा. मी. चार!"

"नीट बघ. लपलंय कोण?"

"ही तू. मला आधीच दिसलीस."

"मग टेकव की बोट."

"नाही." पोरीने हात पाठीमागे नेला. "आई बाबांना म्हणाली, नव्या घरात ताईंना धरायचं नाही. आपण चारच."

कागदाची चुरचुर थांबली. भावाच्या दोरीला एकाएकी इतक्या गाठी पडल्या की त्याला मान वर करायला सवड होईना. "ताई, अगं, मी बोलणारच होतो तुझ्याशी," तो दोरीलाच म्हणाला.

इतकी वर्षं राबून आपण यांच्या खिजगणतीत नाही, हे तिला समजलं. समजलं तेही तिच्याच शब्दात, तिनेच शिकवलेल्या पोरीच्या तोंडून. वहिनीचा तिला राग आला, भावाची चीड आली, पण सगळ्यात जास्त संताप आला तो स्वतःचा. स्वतःला खिडकीआड बसवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते चित्र तिचंच होतं.

"आत्या, बरोबर ना?" पोरीला शाबासकी हवी होती. "पण इथे पाच लिहिलंय."

चुकलेली मोजणी बाईने आजवर कुणाची खपवून घेतली नव्हती.

"तुझं बरोबर आहे, राणी," ती म्हणाली. "लिहिणारीचं चुकलं."

पुस्तक मिटून तिने ते पोरीच्या हातात दिलं आणि भावाकडे वळली.

"त्यातलं एक खोकं मला ठेव रे रिकामं."