रायभानचं स्टूल

शाळा तपासायला साहेब येणार होते, त्या सकाळी मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पोटरीतली वात कापली. पोटरीत गळू झालं होतं. डॉक्टरांनी ते फोडल्यावर दवाखान्यातल्या झुंबरबाईंनी आतल्या पोकळीत पिवळ्या औषधात भिजवलेली कापडाची लांब वात घातली आणि तिचं बोटभर टोक बाहेर ठेवलं. त्या टोकाला त्या शेंडी म्हणत. धोतराखालून ती पिवळी शेंडी लोंबताना दिसली, तर निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली तरी उर्दूतच दरडावणारे आमचे साहेब काय म्हणतील, या धास्तीनं मी कात्री चालवली. कातडीलगत, अगदी सफाईनं. उरलेलं टोक सुळकन आत गेलं. साहेब आलेच नाहीत.

आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर भोकरदनहून आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे पाच दिवस दवाखाना म्हणजे झुंबरबाई. कोपरापर्यंत हात धुवायला बसल्या की तेवढ्या वेळात आमच्या वर्गात तेराचा पाढा होई. चिमटे उकळलेले. जखम आतून बाहेर पुसायची, एकदा टेकवलेला बोळा पुन्हा टेकवायचा नाही. आणि वात? "कोंबायची न्हाई, मास्तर, निजवायची. आधी तळ भरून आला पायजे, तोंड मंग."

त्यांची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. दारापाशी एक स्टूल असे, त्यावर त्या कुणाला बसू देत नसत. बाजाराच्या दिवशी माणसं भुईवर दाटीनं बसत, स्टूल रिकामं. आणि कुणाच्याही जखमेतून वात काढली की ती चिमट्यात धरून त्या स्टुलाकडे वळून दाखवत, मगच बादलीत टाकत. मी एकदा विचारलंही होतं, "काय बाई, स्टुलानं पास केलं का नापास?" त्या हसल्या नव्हत्या.

साहेब आले नाहीत त्याच दिवशी बाईंनी माझी पट्टी सोडली आणि त्यांचा हात थांबला.

"शेंडी कुठंय?"

"कापली. साहेब येणार होते ना."

आता झापतील म्हणून मी मान खाली घातली. त्या दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "न्हाई रे बाबा. ह्याला न्हाई."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

पिचकारीनं कोमट मिठाचं पाणी जखमेत सोडत त्या बोलू लागल्या. चार वर्षांमागं रायभान नावाचा मेंढपाळ आला होता. एडक्यानं मांडीत शिंग घुसवलं होतं. जखम खोल, म्हणून बाईंनी दोन वाती घातल्या आणि शेंडी एकीचीच बाहेर ठेवली. काढताना एकच काढली. तोंड छान मिटलं, रायभान हसत मेंढरांमागं गेला. महिन्यानं परत आला.

"म्हणला, बाई, आत कायतरी चालून राह्यलंय. म्या वरून बघितलं. म्हणलं, बिलकुल भरलंय की! बस तिथं, पाळी आली की बघते. गर्दी होती. दुपारभर बसला, कुरकुर न्हाई. म्या हाक मारली तवा..." बोथट सळईनं माझी जखम चाचपत त्या थांबल्या. "अजून बसून हाय. काठी गुडघ्यात धरून."

मी दाराकडे पाहिलं. अकराचं लख्ख ऊन, रिकामं स्टूल. पण स्टुलापुढच्या सारवलेल्या भुईवर काठी टेकून पडावा तसा एक बारका खळगा होता. इतक्या दिवसांत तो मला दिसला नव्हता.

मग सळई आणखी आत गेली आणि मी असा ओरडलो, की बाहेरची शेळी दावं तोडून पळाली.

"घावली," बाई म्हणाल्या. चिमट्यानं त्यांनी वात सावकाश ओढून काढली, स्वतःच्या हातावर धरून मापली आणि पांढऱ्याफटक पडल्या. "कमी हाय. कापलेलं टोक कुठंय?"

ते माझ्या कोटाच्या खिशात खडूच्या तुकड्यांबरोबर होतं. ते जोडून त्यांनी पुन्हा माप घेतलं. भरलं. दोन्ही तुकडे चिमट्यात धरून त्या स्टुलाकडे वळल्या आणि दोन्ही दाखवून मगच त्यांनी ते बादलीत टाकले.

वातावरण हलकं करायला मी म्हणालो, "आणि घावली नसती तर हो, बाई?"

नवी वात औषधात बुडवत त्या म्हणाल्या, "मंग दुसरं स्टूल आणावं लागलं असतं."