सातवं प्रकरण वाचताना

निगडीत प्राधिकरणातल्या एका जुन्या इमारतीत ‘तिसरी पाळी प्रकाशन’ अशी पाटी आहे. ती दाराच्या आतल्या बाजूला लावलेली आहे, कारण बाहेर लावायला सोसायटीने परवानगी दिली नाही. आत एकीकडे पुस्तकांचे गठ्ठे, दुसरीकडे स्वयंपाकाचा ओटा आणि मधे आम्रपाली. दिवसा ती तळवड्यात नोकरी करते, उरलेल्या वेळात प्रकाशक असते. वॉचमनच्या कविता, एका तृतीयपंथीयाचं आत्मकथन, असं जे मोठ्या प्रकाशकांकडून ‘छान आहे, पण’ म्हणून परत येतं, ते ती छापते.

तिचे वडील भिवाअण्णा कारखान्यात युनियनचे पुढारी होते. प्रकाशन सुरू झालं तेव्हा नियम त्यांनीच घातला: लिहिणाऱ्याचं एकही वाक्य गाळायचं नाही. तो प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. पुढे काचबिंदूने अण्णांची नजर गेली आणि घरात आणखी एक रीत पडली. पुस्तक छपाईला जाण्याआधी आम्रपालीने ते सगळंच्या सगळं अण्णांना वाचून दाखवायचं. शेवटी अण्णा म्हणतात, “जाऊ दे प्रेसला.” मग ते जातं.

या खेपेचं पुस्तक सोजरबाईंचं. चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. त्यांनी सांगितलं आणि त्यांच्या नातीने, मिनलने, तीन वह्यांमध्ये उतरवून घेतलं. आम्रपाली मोठ्या हौसेने टाइप करायला बसली आणि सातव्या प्रकरणात तिचे हात थांबले.

सत्तावीस वर्षांपूर्वी अण्णांच्या कारखान्यात संप झाला होता. गेटवर उन्हातान्हात पुढे बसल्या त्या ठेकेदाराकडच्या अकरा बायका, सोजरबाई त्यांतल्याच एक. करार झाला तेव्हा चाळीस पुरुष कायम झाले आणि या अकराजणींना दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. करारावर युनियनतर्फे सही भिवाभाऊंची, म्हणजे अण्णांचीच. सोजरबाईंनी नाव सरळ घेतलं होतं. अण्णा त्या कराराची गोष्ट आजही रंगवून सांगतात, चाळीस घरं कशी वाचली ते. त्यातलं एक घर आम्रपालीचं. त्याच पगारावर ती शिकली. अकरा बायका मात्र त्या गोष्टीत कधी आल्याच नव्हत्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. प्रकरण गाळावं तर पहिल्या पानावर कुठल्या तोंडाने तो नियम छापायचा? वाचावं तर ऐकणारा समोर बसलेला. अण्णांना न वाचताच छापावं, तर पुस्तक निघाल्यावर कुणीतरी भला माणूस येऊन सांगणारच. दुसऱ्यांच्या बापांची प्रकरणं हिने बेधडक छापली होती, तेव्हा एकदाही हात थांबला नव्हता. आता अण्णांना सहा प्रकरणं वाचून दाखवल्यावर पंधरा दिवस ती तिथेच घुटमळत राहिली. ऑफिसात काम आहे, घसा बसलाय, अशी कारणं सांगत राहिली. अण्णा “बरं” म्हणायचे.

शेवटी एका रविवारी ती चाकणला गेली. सोजरबाई भाकरी थापत होत्या.

“मावशी, सातव्या प्रकरणात नाव बदललं तर चालेल का?”

“बदल की. समदंच काढ पायजे तर.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “मला ठावं हाय तू कुनाची लेक ते. तुझा बापबी असाच आला व्हता घरी. लई गोड बोलला. सोजर, चाळीस घरांचा सवाल हाय, गप ऱ्हा म्हनला. मी ऱ्हायले गप.”

आम्रपालीला परवानगी मिळाली होती. तीच घ्यायला तर ती आली होती. पण आपण बापाच्याच पायवाटेने इथवर आलो, हे कळल्यावर तिला तिथे बसवेना. तिची तिलाच लाज वाटली.

घरी येऊन तिने अण्णांच्या हातात चहा दिला आणि काही न सांगता सातवं प्रकरण वाचायला घेतलं. सही आली, नाव आलं. ती तिथे थांबली.

“वाच,” अण्णा म्हणाले.

तिने वाचलं. प्रकरणाच्या शेवटी सोजरबाईंनी गेटवरून परत गेलेल्या बायकांची नावं सांगितली होती. स्वतःचं धरून नऊ. आणि पुढे, ‘दोघींची नावं आता मला आठवत नाहीत, त्यांनी माफ करावं.’

अण्णांचा चहा निवून गेला होता. आता ते हात झटकतील, खोटं आहे म्हणतील, नाहीतर रडतील, असं तिला वाटलं. यातलं काहीही तिला चाललं असतं.

“केसरबाई,” ते म्हणाले. “वेल्डिंग शॉप झाडायची. आणि पारू. पारूला तेव्हा सातवा महिना होता. लिहून घे.”

आम्रपालीने लिहून घेतलं.

“मला कुणाचंच नाव विसरता आलं नाही,” अण्णा म्हणाले. “आता अकराही वाच. सावकाश.”