शेगुलाबाईंची रिकामी खुर्ची

परवा भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं कालवलं, वर वेलदोड्याची पूड पडली, आणि त्या वासासरशी मी बंगळूरच्या चामराजपेटेतल्या शेगुलाबाईंच्या खोलीत जाऊन पोचले. नव्वदच्या दशकातली ती एक भर दुपार.

शेगुलाबाई आमच्या शेजारीण, मराठी बोलणाऱ्या यहुदी. मुलगा इस्राएलला सुखरूप पोचला म्हणून त्यांनी एलियाहू नबीच्या, ख्रिस्ती बायबलातही असलेल्या प्रेषिताच्या, नावाने पोह्यांचा मलिदा केला होता. ताटासमोरची वेताची खुर्ची त्यांनी नबीसाठी रिकामी ठेवली होती. माझे पप्पा चर्चचे पाळक. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांनी ख्रिस्ताला नाकारलं. म्हणून देवाने तुम्हाला सोडून आम्हाला निवडलं."

शेगुलाबाई ताटावर गुलाबाच्या पाकळ्या मांडत होत्या. "असेलही. पण आम्हाला दिलेला शब्द त्याने मोडला असेल, तर तुम्हाला दिलेला पाळेल हे कशावरून, पाळकसाहेब?"

पंखा बंद होता, वाराही नव्हता. तरी खुर्चीचा वेत हळूच करकरला, कुणी टेकून बसावं तसा. शेगुलाबाईंनी न बघताच डोक्यावरचा पदर सारखा केला.

आम्ही निघालो. खुर्ची जराशी सरकवली असती तर दाराकडे सरळ जाता आलं असतं. पण पप्पा अंग चोरून, कुणाच्या गुडघ्यांना धक्का लागू नये अशा बेताने, भिंतीला घासत बाहेर पडले. तेव्हा मला वाटलं, ते भुताला भ्याले. आता वाटतं, तो पाहुणा त्यांच्या ओळखीचा निघाला असावा.