वजनाच्या मानाने

“सर, बेस्ट बॉक्सर कोन ते सांगा लवकर. फोटोवाला निंगून राह्यला.”

वाशिमच्या आमच्या स्पर्धेचे अध्यक्ष, भाऊ, घाईत होते. मी मुख्य पंच. फायनल्स संपल्या होत्या. आता सगळ्या वजनगटांतून एकच सर्वोत्तम निवडायचा होता. त्याला ट्रॉफी आणि विभागीय कॅम्पची एकुलती एक जागा.

हे काम मला नकोच असतं. चहाच्या टपरीवर जगातला सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण यावर लोक तावातावाने भांडतात आणि शेवटी हेवीवेटचंच नाव घेतात. भारी तोच भारी! छोट्या गटातल्याने जन्मभर कितीही सफाईने ठोसे मारले, तरी त्याला कोण विचारतो? म्हणून आमच्यात ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात. सगळ्यांचं वजन सारखंच आहे असं धरायचं आणि मग कोण सरस ते बघायचं.

तसं पाहिलं तर अनसिंगचा इरफान, अठ्ठेचाळीस किलो, सरळ पुढे होता. काय पाय चालतात त्याचे! वडिलांचं चपलांचं दुकान. कॅम्प मिळाला तर बॉक्सिंग, नाहीतर दुकान, असं त्यांनी बजावलेलं. हेवीवेटच्या गजाननसमोर मात्र कोणी आलंच नव्हतं. त्याला वॉकओव्हर, म्हणजे न लढता सुवर्णपदक.

“भाऊ, पाउंड फॉर पाउंड बघा.”

“मराठीत सांगा ना.”

“वजनाच्या मानाने जो सर्वोत्तम, त्याला द्या.”

“हां, वजनाचा मान! देऊ ना, काहून नाही?”

मी नाव सांगायच्या आत ते माईकवर पोचले. “यंदाचा वजनाचा मान, आपल्या गजाननले!” टाळ्या पडल्या. गजानन बिचारा गोंधळून ट्रॉफी घेऊन आला.

मी भाऊंना मंचामागे गाठलं आणि चूक सांगितली.

“आता वापस मांगू? चार लोकांत माही इज्जत काय राहीन?”

“ट्रॉफी राहू द्या. कॅम्पला इरफानला पाठवा.”

“बेस्ट एक अन् कॅम्पले दुसराच? लोक हासतीन, सर.”

मी खूप भांडलो. इरफानचे वडील बाजूला उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनीच माझा हात धरला.

“जाऊ द्या, सर. गोष्ट वजनाचीच असन, तं आमचं कमीच हाय.”

इरफान आता दुकानात बसतो.

तेव्हापासून मी पाउंड फॉर पाउंड कोणाला समजावत नाही. आधी नाव सांगतो. कारण सांगतो ते कोणी विचारलं, तरच.