गॅलीत राहिलेलं 'नाही'

भाऊंना बातमी सांगायला जाणं म्हणजे फौजदारापुढे जबानी द्यायला उभं राहणं. माणूस धापा टाकत छापखान्यात यायचा, अमक्या गावी तमकं झालं म्हणून सांगायचा, आणि भाऊ चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारायचे, "कोणी पाह्यलं?" सगळेच म्हणतात, असं उत्तर आलं की कारभार आटोपला. "सगळ्यायनं पाह्यलं म्हंजे कोणीच नाई पाह्यलं. जा, एक पाहणारा घिऊन ये." माणूस चिडून निघून जायचा. साऱ्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्यांचं नाव पडलं होतं पाह्यलंभाऊ. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, कोण जाणे.

त्यांच्या साप्ताहिकात मी नऊ वर्षं जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवायचे, त्या शब्दांची ओळ करायची आणि ओळींचं पान. चार पानांचं ते बापडं पत्र. संपादक भाऊ, बातमीदार भाऊ, प्रूफं वाचणार भाऊ, आणि ट्रेडलवाला, म्हणजे पायाने छापयंत्र चालवणारा, दांडी मारून बसला तर पायही भाऊच मारणार. त्या धंद्यात माणूस लवकर थकतो. मी पंचविशीतच थकलो होतो, आणि आज ऐंशीच्या घरात आलो तरी तो थकवा काही उतरलेला नाही.

त्यांच्या पत्रात कुणाची जात यायची नाही. मूल गावच्या एका चोरीच्या बातमीत मी हौसेने चोराची जात जुळवली होती. भाऊंनी चिमट्याने तेवढेच खिळे उपसले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "चोरी मानसानं केली ना बावा? जात का भित फोडाले आली होती?" बस, एवढंच. पण चांद्याचं बिऱ्हाड म्हणजे हिंदू, मुसलमान, गोंड, तेलंगी, सगळे एकाच विहिरीवर. तिथे असा एखादा शब्द काय करतो ते त्यांना ठाऊक होतं, मला नंतर कळलं.

निवडणूक आली की भाऊ खिशात एक दोरा ठेवत. एका उमेदवाराच्या सभेची बातमी किती लांब झाली ते दोऱ्याने मापायचं आणि बाकीच्यांनाही तेवढीच जागा द्यायची. एखाद्याचं भाषण तोकडं पडलं तर शेवटी जोडायचे, 'श्रोते शांततेने आपापल्या घरी गेले.' एका उमेदवाराचे श्रोते दर आठवड्याला शांततेने घरी जायचे. तो बिचारा भांडायला आला होता.

दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीची ही गोष्ट. तेव्हा मतदानाच्या पेट्या घेऊन मास्तर लोक गावोगाव फिरत, आज या गावी, आठ-दहा दिवसांनी पुढच्या. सिंदेवाहीकडच्या एका गावात करीम मास्तर गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता सुखात आहेत. शाळेला लागून मोहाचं झाड, झाडाखाली गोंडांच्या देवाचे दगड. मतदान नीट झालं, आणि दुसऱ्या दिवशी आवई उठली की मुसलमान मास्तराने पेटीला जागा करायला देव हलवला. कुणाच्या तरी प्रचारवाल्याने सोडलेली पुडी होती, दुसरं काय. पण पुढच्या गावची माणसं म्हणू लागली, मास्तर इकडे आला तर पेटीही परत जाणार नाही आणि तोही नाही. तिथलं मतदान पुढल्या आठवड्यात मंगळवारी होतं.

भाऊंना ताप होता. तरी ते छोट्या रेल्वेगाडीने सिंदेवाहीला गेले, पुढे पायी गेले, आणि घरोघर तोच प्रश्न विचारत हिंडले. पाहणारा एकच निघाला, गोंडांचा पुजारी, त्यांचा भूमक. दिवसभर तो झाडाखालीच बसून होता. बुधवारी परतल्यावर भाऊंनी बातमी लिहिली: 'गावच्या भूमकाने आम्हांस समक्ष सांगितले, की मतदानाची पेटी घेऊन आलेल्या करीम मास्तरांनी देवाच्या दगडाला हात लावला नाही.'

मी जुळवलं. शेवटचा 'नाही' एकटाच खालच्या ओळीत गेला. गॅलीचं, म्हणजे जुळलेला सुटा मजकूर ठेवायच्या तबकाचं, प्रूफ भाऊंनी वाचलं तेव्हा तो तिथे होता. मग पान बांधताना रकाना एका ओळीने लांब झाला, खाली कापडवाल्याची जाहिरात, मी रकाना उचलला, जाहिरातीला भिडवला आणि पान आवळलं. पानाचं प्रूफ भाऊंपुढे धरलं तेव्हा ते अंगाभोवती घोंगडी लपेटून बसले होते. म्हणाले, "पाह्यलेलं आहे." गुरुवारी अंक निघाला.

शुक्रवारी सिंदेवाहीच्या बाजारात किराणावाल्याने रिवाजाप्रमाणे आमचा अंक मोठ्याने वाचला. भूमकाने समक्ष सांगितले, की करीम मास्तरांनी देवाच्या दगडाला हात लावला. पुढे पूर्णविरामही नव्हता, पण कानाने ऐकणाऱ्याला पूर्णविराम काय दिसणार? बाजार खवळला. मुसलमानांची चार दुकानं लुटायला निघालेल्या गर्दीला शहाण्यांनी आवरलं, पण चांदबी बांगडीवाली वाटेत बसलेली होती. तिची टोपली लाथेने उडवली. पन्नास वर्षं त्याच गावातल्या बायकांचे हात भरत आलेली बाई ती.

शनिवारी खिळे परत आपापल्या खणांत सोडायला गॅली ओढली, तर कोपऱ्यात तो पडलेला. ना, ही आणि पूर्णविराम. तेवढ्यात सिंदेवाहीची खबरही आली होती. मी भाऊंपुढे गॅली ठेवली आणि म्हटलं, चूक माझी आहे, मला काढून टाका. त्यांनी ते तीन खिळे एकेक करून तळहातावर घेतले.

"लोकायले मी जन्मभर इचारतो, कोणी पाह्यलं म्हणून," ते म्हणाले. "अन् घरचं पान मीच नाई पाह्यलं."

पुढचा अंक गुरुवारी, मतदान मंगळवारी. रविवारी आम्ही दोघं सिंदेवाहीला उतरलो. भाऊ किराणावाल्याच्या ओट्यावर उभे राहिले आणि बाजारपेठेला ऐकू जाईल असं सांगितलं, की चूक आमच्या छापखान्याची, मास्तरांनी हात लावला नाही. लोकांनी ऐकून घेतलं. किराणावाला मात्र अदबीनेच म्हणाला, "भाऊ, तोंडानं काईबी सांगता येते. छापलं ते खरं. तुमच्याच कागदानं आमाले शिकवलं ना?"

भाऊ खाली उतरले आणि मला म्हणाले, "तो नाई कुठी आहे?" मी तिन्ही खिळे सुतळीने बांधून खिशात ठेवले होते, का ते मलाही माहीत नाही. छपाईच्या शाईत भिजवलेली चिंधीही मी तशीच डबीत घालून आणली होती. भाऊंनी किराणावाल्याचा अंक मांडीवर पसरला, खिळे चिंधीवर टेकवले आणि 'लावला'च्या पुढे, समासात, दाबले. 'नाही.' जरा तिरका उठला, पण छापील. किराणावाल्याने अंक डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं, बोट काळं झालं. मग त्याने तोच अंक पुन्हा मोठ्याने वाचला.

वाटपवाल्याकडून यादी घेऊन दोन दिवस आम्ही त्या भागातला एकेक अंक हुडकला. कुणी भिंतीला डकवला होता, कुणी त्यात मिरच्या बांधल्या होत्या. मिरच्या सोडवून भाऊ 'नाही' उठवायचे आणि पुन्हा पुडी बांधून द्यायचे. ताप होताच. मी परत फिरू म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचे. मंगळवारी तो भूमक आपल्या गावाहून चालत पुढच्या गावी आला आणि शाळेच्या दारात बसला. करीम मास्तर पेटी घेऊन आले, तेव्हा त्याने उठून त्यांना रामराम केला. मतदान झालं. पेटीही परत गेली, मास्तरही.

जाताना भाऊ चांदबीच्या घरी गेले, हात जोडले. ती म्हणाली, "तुमी काऊन हात जोडता भाऊ? तुमच्या कागदात आलं म्हणून मले बी खरं वाटलं. मी म्हटलं, मास्तरानं लावलाच असन हात." तिने रागाने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आठवड्याच्या बातमीत 'मतदान शांततेत पार पडले' असं मी सवयीने जुळवलं, तर त्यांनी ते खोडलं. चांदबीच्या बांगड्या फुटल्या होत्या ना.

त्यानंतर भाऊंचं मराठी बिघडलं. 'नाही' वाक्याच्या शेवटी ठेवायचा त्यांनी धसकाच घेतला. 'नाही झाली चोरी.' 'नाही आले मंत्री.' शाळेचे मास्तर हसायचे, पत्र लिहून व्याकरण शिकवायचे. भाऊ त्यांचीही पत्रं छापायचे.

पुढे मी नागपूरला मोठ्या छापखान्यात लागलो. मोठा छापखाना म्हणजे थकायला जास्त जागा. एका दुपारी करीम मास्तर दारात उभे. केस पांढरे झालेले, हातात टोपी. म्हणाले, "भाऊ गेले." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणी पाह्यलं?" शरमेने मान वर करवेना. मास्तरांना राग आला नाही. ते बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "मीनं पाह्यलं. मी जवळच होतो. डोळे मीच मिटवले त्यायचे."

निधनाची चौकट मीच जुळवली. मालकाने मजकूर लिहून दिला होता: 'चांद्याचे जुने संपादक आता आपल्यात नाहीत.' रकाना अरुंद, शेवटचा शब्द पुन्हा एकटाच खालच्या ओळीत उतरला. आयुष्यात एकदाच वाटलं, की तो गॅलीतच राहू द्यावा. पण मी तो उचलला, लावला, आणि पान आवळण्यापूर्वी तीनदा पाहिला.