देशात न बनणारं मशीन

सरकारचा नियम चांगला होता, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर माझा राग कुणावर आहे ते कळायचं नाही. परदेशातून एखादं मशीन आणायचं असेल तर तसं मशीन आपल्या देशात बनत नाही, हे कंपनीने दिल्लीला पटवून द्यायचं. मगच आयातीचा परवाना. परकीय चलन जपावं, आपल्या लोकांना स्वतः करून शिकू द्यावं, हा त्यामागचा विचार. मी पिंपरीच्या एका कंपनीत ग्रंथपाल होते. या धोरणावरचे अहवाल माझ्याच कपाटात असायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मी ते वाचत बसायचे आणि मला ते पटायचे. अजूनही पटतात. माझ्या थोरल्या भावाची उमेदीची वर्षं गेली ती याच नियमाच्या नावाखाली.

दादा त्याच कंपनीत इंजिनिअर होता. विहिरीवर बसवतात ती डिझेल इंजिनं आमच्याकडे बनत. इंजिनाचा सिलिंडर आतून घासून त्यावर अगदी बारीक, एकसारख्या रेघा उमटवाव्या लागतात. त्या रेघा तेल धरून ठेवतात. त्या नीट नसल्या तर इंजिन धूर ओकतं आणि लवकर झिजतं. या घासण्याला होनिंग म्हणतात. तेव्हा ते काम आमच्याकडे जवळपास हातानेच चाले आणि बराच माल वाया जाई. दादाने अडगळीतलं एक जुनं ड्रिलिंग मशीन मागून घेतलं आणि त्याचं होनिंग मशीन करायला घेतलं.

घासणारा दांडा एका लयीत वर-खाली व्हायला हवा, आणि त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारे भाग लागतात. ते बाजारात मिळत नव्हते. देहूरोडच्या लष्करी लिलावात निघालेलं भंगार पिंपरी कॅम्पात यायचं. तिथल्या एका चाचांच्या दुकानात दादा दर रविवारी जाऊन बसायचा. चाचा त्याच्यासाठी पंप, झडपा, नळ्या बाजूला काढून ठेवत आणि वर टोमणा मारत, की साहेब, तुमचं लग्न वहिनींशी झालंय की या नळ्यांशी, एकदा काय ते ठरवा. वहिनीला हे सांगितलं की ती म्हणायची, त्यांना म्हनावं, नळ्यांशीच झालंय, मी आपली वरात बघाया आलीया. वहिनी महाळुंग्याची. लग्नानंतर इतकी वर्षं झाली तरी तिने आपली बोली सोडली नव्हती, आणि दादालाही ती सोडायला नको होती.

मशीन झालं. दिसायला ओबडधोबड, पण चालू झाल्यावर शेडमधले लोक कामं टाकून बघायला आले. त्या उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत ते रोज चाललं. वाया जाणारा माल इतका कमी झाला, की तपासणीच्या टेबलावरचा माणूस दादाला म्हणाला, राव, माझ्या पोटावर का पाय देताय.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीने परदेशी होनिंग मशीनच्या परवान्यासाठी अर्ज केला.

दादा वर्क्स मॅनेजरांकडे गेला. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. दादाशी ते नेहमी आदराने बोलत. मी नव्या पुस्तकांवर त्यांची सही घ्यायला गेले होते, म्हणून त्यांचं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. ते म्हणाले, "तुझ्या मशीनवर माल बिघडला तर मला विचारतील. परदेशी मशीनवर बिघडला तर कुणालाच विचारणार नाहीत. एवढं समजून घे ना."

मी पुष्कळ वाचलं आहे. आपल्यासारख्या देशांत नवं काही का रुजत नाही, यावर जाड जाड पुस्तकं वाचली. भांडवल नाही, शिक्षण नाही, बाजारपेठ लहान. मॅनेजरांचं हे वाक्य मला एकाही पुस्तकात सापडलं नाही.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांत मशीनची पूजा होते. आदल्या दिवशी मशीन उघडायचं, धुवायचं, जुनं तेल पूर्ण काढून टाकायचं. नवमीला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. घरच्यांनाही त्या दिवशी आत सोडतात. वहिनी जरीकाठाचं लुगडं नेसून आली होती. फोरमनने सगळ्या मशीनना फुलं वाहिली आणि दादाच्या मशीनपाशी आल्यावर ताट वहिनीच्या हातात दिलं. ती लाजली, पण तिने कुंकू लावलं. दसऱ्याला कारखाना बंद. दुसऱ्या दिवशी कामावर आलं की नवं तेल भरून मशीन सुरू करायचं, ही रीत.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तेल भरायच्या आधीच, परवान्याच्या पाहणीसाठी दिल्लीचे एक अधिकारी आले. ते येणार हे मॅनेजरांना माहीत होतं, दादाला नव्हतं. परदेशी मशीनची माहितीपत्रकं घेऊन मला शेडमध्ये बोलावलं, म्हणून मी तिथे होते. दादाच्या मशीनवर ताडपत्री टाकलेली होती. टाकणाऱ्याने घाई केली असावी, कारण खालून झेंडूची माळ लोंबत होती.

अधिकारी नागपूरकडचे, मराठी माणूस. त्यांनी माळ पाहिली आणि ताडपत्रीचा कोपरा स्वतःच उचलला.

"पूजा केलीय म्हणजे वापरात दिसतंय."

"अहो साहेब," मॅनेजर हसून म्हणाले, "आमची माणसं काय, झाडूलासुद्धा फूल वाहतात."

सगळे हसले. दादा नाही हसला.

"झाडू झाडतो म्हणून त्याला फूल वाहतात, साहेब," तो म्हणाला.

हसणं थांबलं. अधिकाऱ्यांनी दादाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, मग चालवून दाखवा की. दादाचा चेहरा मला आजही दिसतो. मशीनमध्ये तेलाचा थेंब नव्हता. पूजेसाठी टाकी धुऊन कोरडी केली होती, आणि ती त्याने स्वतःच्या हातांनी केली होती. त्याने सांगितलं, की स्टोअरमधून तेल मिळालं तर जेवणाच्या सुट्टीच्या आत चालवून दाखवतो. स्टोअर भिंतीपलीकडे होतं, किल्ल्या मॅनेजरांच्या खिशात होत्या. त्यांनी खिशात हात घातला नाही. घड्याळ पाहिलं, आणि साहेबांना अजून चाकणच्या बाजूला एका कारखान्यात जायचं आहे, याची हळूच आठवण करून दिली. अधिकाऱ्यांनी ताडपत्रीचा कोपरा सोडला. प्रात्यक्षिक होऊ शकलं नाही, एवढंच त्यांनी टिपून घेतलं.

त्या सकाळी कुणीही उघड खोटं बोललं नाही. माझा राग शमत नाही तो यामुळेच. लाच नाही, धमकी नाही, बनावट कागद नाही. एक माणूस खिशात हात घालत नाही आणि दुसरा जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबत नाही. एवढ्यावर देशाने ठरवलं, की असं मशीन आपल्याकडे बनत नाही.

परदेशी मशीन मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून आलं. ते चालवण्याचं काम दादाकडेच दिलं, कारण ते समजणारा दुसरा कुणी नव्हता. पुढे एका पावसाळ्यात त्याचं तेल अडवणारं एक साधं रबरी सील फाटलं. तसं सील इथे मिळेना, आणि बाहेरून आणायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा परवाना. तोवर माल थांबवणं शक्य नव्हतं. मग ताडपत्री निघाली. सील येईपर्यंत, म्हणजे पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत, सगळे सिलिंडर दादाच्या मशीनवर झाले. त्या दिवसांत हे मशीन कुठे बनलं असं कुणी विचारलं नाही. सील आलं आणि ताडपत्री परत चढली.

काही वर्षांनी जागा हवी म्हणून दादाचं मशीन मोडीत काढलं. त्या रविवारी चाचा पहिल्यांदाच आमच्या घरी आले, चहाही घेतला नाही. "साहेब, मी तुम्हाला दिलेला माल वजनावर माझ्याच दुकानात परत आलाय," ते म्हणाले. "काय करू त्याचं?" दादा म्हणाला, ज्याला लागेल त्याला द्या.

त्यानंतर धोरण बदललं. कारखान्यांनी स्वतः संशोधन करावं म्हणून सरकार करात सवलत देऊ लागलं. हाही नियम चांगलाच. आमच्या कंपनीने त्याच शेडमधल्या एका खोलीच्या दाराला 'संशोधन व विकास विभाग' अशी पाटी लावली आणि दादाला आत बसवलं. प्रमुख म्हणून. आत टेबल होतं, दोन कपाटं होती, भिंतीवर तक्ते होते. मशीन नव्हतं. दिल्लीहून पाहणीला कुणी आलं की दादाने तक्ते समजावून सांगायचे. त्या खोलीत त्याने नोकरीची शेवटची वर्षं काढली. कुरकुर कधी केली नाही. रविवारी कॅम्पात जाणं तेवढं त्याने सोडलं.

गेल्या महिन्यात तो हृदयविकाराने गेला. तेरावं झाल्यावर मॅनेजर घरी आले. आता ते डायरेक्टर आहेत. डोळ्यांत खरं पाणी होतं, ते मी नाकारत नाही. कंपनीत शोकसभा ठेवायची आहे, म्हणाले, आणि विभागाला दादाचं नाव द्यायचं आहे. देशी तंत्रज्ञानासाठी झटलेला माणूस म्हणून. त्यासाठी एक फोटो हवा होता.

वहिनी उठली, आतून फोटो घेऊन आली. तो त्यांच्या हातात जायच्या आत मी बोलले. म्हटलं, सभेत एकच वाक्य बोला, की त्याचं मशीन चालत होतं आणि त्या दिवशी तुम्हाला ते ठाऊक होतं.

"ताई, ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सभेत कसं बोलणार? सरकारला आपण तेव्हा वेगळं सांगितलेलं आहे."

वहिनीने फोटो पदराआड घेतला.

"माझ्या म्हायेरच्या हिरीवर ताडपत्री निघाली व्हती त्या पावसाळ्यातलं इंजिन हाय," ती म्हणाली. "कांद्याला पानी देतंया. त्येला, तुमी सरकारला काय सांगितलं व्हतं त्ये म्हाईत न्हाई."

त्यांनी फोटोसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"बोलायचं नसंल तर ह्यांचं नाव बी लावू नका," ती म्हणाली, आणि दार उघडून बाजूला उभी राहिली.

सभा त्यांनी घेतलीच, फोटोशिवाय. पाटीवर नावही लावलं. त्यासाठी आमची परवानगी लागत नव्हती. भाषण चांगलं झालं असं म्हणतात. मी त्या दिवशी सभेला न जाता वहिनीबरोबर महाळुंग्याला गेले होते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो होतो. इंजिन चालू होतं, त्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि पाणी कांद्याच्या वाफ्यांत जात होतं.